फुटाला किलो

रांगोळीच्या बाबतीत माझ्या आईचा एकच नियम होता, फुटाला किलो. पाच फुटी गोल काढायचा तर गालिच्याला पाच किलो रंग लागतो, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं, आणि अनुभवाने ठाऊक असलेल्या गोष्टीबद्दल आई कुणाचं ऐकून घेत नसे. गालिचा म्हणजे रांगोळीखालचा एकरंगी थर. पिठाच्या चाळणीतून तो आधी सारखा पसरायचा, मग त्यावर पाचही बोटांतून एकदम पांढऱ्या रेघा सोडत नक्षी काढायची. आमच्या खडकीच्या क्वार्टर्समध्ये कुणाचं लग्न असो, बारसं असो, नाहीतर कुणा साहेबाचा निरोपसमारंभ असो, आईला बोलावणं यायचंच. पदर खोचून ती ओणवी झाली की तासाभरात दारात गालिचा तयार. लोक बाजूने अंग चोरून आत जायचे, आणि एखादा पोरगा पळत आलाच तर आईच्या एका नजरेने जागच्या जागी थिजायचा. हे सगळे गोल पाच फुटीच असत, कारण क्वार्टर्सच्या दारापुढे त्याहून जास्त जागाच नव्हती.

बाबा दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ड्राफ्ट्समन होते. घरी खोल्या दोन, त्यातल्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवलेला त्यांचा जुना ड्रॉइंग बोर्ड. त्या बोर्डाला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पेन्सिलींना ते ब्लेडने इतकी टोकदार टोकं काढत की आई म्हणायची, यांच्या खिशातली पेन्सिल काढून घेतल्याशिवाय मिठी मारायची सोय नाही. सकाळी स्वयंपाकघरातून फोडणीचा चुर्र आवाज, मागून जाणाऱ्या गाड्यांची धडधड, रेडिओवरच्या बातम्या, आणि या सगळ्यावर बाबांचा खणखणीत आवाज, "वर्षा, वर्तुळाचं क्षेत्रफळ?" दुसऱ्या घरांत भूपाळी लागत असेल, आमच्याकडे हे लागायचं. कारण मार्चमध्ये मी दहावीला गणितात नापास झाले होते. बाकी सगळ्या विषयांत चांगले मार्क, मराठीत तर शाळेत दुसरी, आणि गणितात भोपळ्याच्या जवळपास. ड्राफ्ट्समनची मुलगी!

"पाय आर वर्ग," मी उप्पीट गिळत सांगायचे.

"मग पेपरात दोन पाय आर का लिहून आलीस?"

"दोन्हींत पाय आहे, दोन्हींत आर आहे. कुठलं कशाचं ते कसं लक्षात राहणार? आणि वर्गच का बाबा?"

"का म्हणजे? सूत्र आहे ते!"

"हो, पण का?"

"का विचारायचं नाही. पाठ करायचं."

झालं, तिथे आमचं गाडं अडायचं. मी जात्याच हट्टी. अजूनही आहे, आमच्या घरात विचारा कुणालाही. कारण कळल्याशिवाय एखादी गोष्ट माझ्या डोक्यात शिरतच नाही, शिरली तरी संध्याकाळपर्यंत बाहेर पडते. इतिहासात कारणं असतात, मराठीच्या धड्यात असतात, विज्ञानातसुद्धा बाई काहीतरी सांगायच्या. गणिताच्या पुस्तकात मात्र चौकटीत एक सूत्र छापलेलं, आणि खाली 'सोडवा'. बाबांनाही तसंच आवडायचं. ते वाईट शिक्षक होते असं मी आज म्हणणार नाही, पण बरे नव्हते एवढं खरं. तिसऱ्या प्रश्नाला त्यांचा आवाज चढायचा, पाचव्याला माझे डोळे भरायचे, आणि आतून आई भांडी जरा जास्तच जोरात आपटायला लागायची.

ऑक्टोबरची परीक्षा ही माझी शेवटची संधी होती. बाबांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. "सुटलीस तर अकरावी. नाही सुटलीस तर शिवणाचा क्लास लाव, आणि अठरा पूर्ण झाली की मी स्थळं बघायला लागणार." ते हे रागाने बोलले असते तर मी एवढी घाबरले नसते. पण दाढी करताकरता, आरशात बघून, अगदी शांतपणे बोलले. म्हणजे त्यांनी ते ठरवलंच होतं. आणि मला तर अकरावी करून कॉम्प्युटर शिकायचा होता. त्या वर्षांत पुण्यात जिकडेतिकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, पिठाच्या गिरणीवर, दवाखान्यावर, एका ठिकाणी तर चक्क उसाच्या गुऱ्हाळावर. माझी मैत्रीण संगीता अकरावीत जाऊन अशाच एका क्लासला जायला लागली होती आणि येताजाता 'फ्लॉपी, फ्लॉपी' करायची. शिवणात वाईट काही नाही, पण मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता, आणि स्थळांचं तर नावच नको.

अशात दसऱ्याच्या आठवडाभर आधी आमच्याकडे एक टाय लावलेला मुलगा आला. सुहास त्याचं नाव, बाबांच्या ओळखीतल्या कुणाचा तरी भाचा, आणि हिंजवडीत निघालेल्या एका नव्या कंपनीत नोकरीला. गळ्यात फोटोचं ओळखपत्र अडकवलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं हरवू नये म्हणून घातलं असेल. दसऱ्याच्या मुहूर्तावर कंपनीच्या इमारतीचं उद्घाटन होतं. "काकू, एंट्रन्सला मोठी रांगोळी पाहिजे. राउंड. पंधरा फूट. एकदम ट्रॅडिशनल, बट ग्रँड."

"पंधरा फूट?" आईने पदर सारखा केला. तिच्या चेहऱ्यावर जी चमक आली ती मला आजही आठवते. आयुष्यभर पाच फुटांत ओणवं राहिलेल्या बाईला कुणीतरी पंधरा फूट देत होतं. "काढू की. गालिच्याला पंधरा किलो केशरी लागेल. नक्षीची पांढरी आणि दुसरे रंग वेगळे."

सुहास गेल्यावर बाबा बोर्डावरून मान वर न करता म्हणाले, "कोण कोण जाणार?"

"मी, नसीमखाला आणि वर्षा."

"वर्षा कुठेही जाणार नाही. परीक्षा तोंडावर आली आहे."

"एका सकाळचा तर प्रश्न आहे. बसमध्ये वाचेल ती."

"बसमध्ये! मग नापास झाली की मला विचारू नका."

"तुम्हाला विचारतंय कोण?" आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. म्हणजे बोलायचे, पण माझ्यामार्फत. 'वर्षा, तुझ्या बाबांना सांग चहा झालाय.' 'वर्षा, आईला सांग मला दिसतोय.' आता हसू येतं, पण ते बोलणं बंद नसतं तर आईने बाबांना एकदा तरी विचारलं असतं की पंधरा फुटाला नक्की किती लागेल, आणि पेन्सिलीच्या दोन फटकाऱ्यांत त्यांनी सांगितलं असतं. मग पुढचं काहीच घडलं नसतं.

नसीमखाला आमच्या शेजारणीसारखीच, राहायची मात्र खडकी बाजारात. तिच्या यजमानांचं तिथे रंगांचं आणि पतंगांचं पिढीजात दुकान होतं. मेंदी काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि आईच्या रांगोळीत बारीक पाकळ्या नेहमी तिच्याच. दोघी मिळून हसायला लागल्या की थांबायच्या नाहीत, आणि कशाला हसताहेत ते सांगायच्याही नाहीत. पंधरा किलो केशरी तिनेच घरी चाळून, वाळवून पिशव्यांत भरला. "वैनी, असा रंग निघालाय, झेंडूपण लाजंल," ती म्हणाली.

दसऱ्याला अजून नीट उजाडलंही नव्हतं तेव्हा कंपनीची बस आम्हाला घ्यायला आली. मऊ खुर्च्यांच्या बसमध्ये आम्ही तिघी आणि रंगाच्या पिशव्या. आईचे नवरात्राचे उपास, त्यामुळे तिच्यासाठी साबुदाण्याचे वडे. नसीमखालाने माझ्यासाठी अंडा-पराठा आणला होता तो मी तिच्याच आडोशाला बसून खाल्ला. मांडीवर गाइड उघडं होतं. पान वर्तुळाचंच. त्याच्यावर तेलाचा डाग पडला, एवढाच काय तो अभ्यास झाला. हिंजवडीला तेव्हा वाहनांची आजच्यासारखी गर्दी नव्हती. दोन्हीकडे पिवळं पडत आलेलं भात, मधून नवाकोरा रस्ता, आणि एकदम समोर निळ्या काचांची उंच इमारत. तिच्या पोर्चमध्ये काळ्या कडप्प्याची फरशी, इतकी चकचकीत की आई चपला बाहेर काढून आत गेली.

खिळा ठोकायची सोय नव्हती, म्हणून खिळा मी झाले. मध्यभागी उकिडवी बसून दोरीचं टोक अंगठ्याखाली दाबून धरलं, आणि आई दुसऱ्या टोकाला खडू धरून माझ्याभोवती फिरली. "पोरीला प्रदक्षिणा घालताय वैनी," नसीमखाला म्हणाली. "देव प्रसन्न होत नाही, ही तरी होऊ दे," आई म्हणाली. साडेसात फूट दोरीचा तो गोल पुरा झाला तेव्हा आम्ही तिघी उभ्या राहून नुसत्या बघत राहिलो. केवढा तो! मला जरा भीतीच वाटली. आईने मात्र चाळणी उचलली.

आम्ही मधूनच सुरुवात केली. मधला पाच फुटी गोल भराभर झाला, नेहमीचाच होता. पाच किलो संपले. "बघ, तिसरा हिस्सा झाला," आई खुशीत म्हणाली. "पाच झाले, दहा राहिले." मग त्याच्याभोवती फूटभर रुंदीचा पट्टा घेतला. फिरत फिरत, गुडघे घासत आम्ही तो भरला आणि नसीमखालाने पिशवी झटकली. "वैनी, दुसरी पिशवीपण खलास." म्हणजे आणखी पाच किलो. आईने वर पाहिलं. बाहेर सगळीकडे काळी फरशी पसरली होती, चारही बाजूंनी चार-चार फूट, आणि आमच्याकडे राहिली होती एकच पिशवी.

"असं कसं होईल?" आई म्हणाली. "फुटाला किलो!"

तिने पिशव्या मोजल्या. परत मोजल्या. नसीमखालाला वाटलं, आपल्याच घरी वजनात काही चुकलं, आणि ती अल्लाची शपथ घ्यायला लागली. गेटवरचा वॉचमन तिथल्याच गावचा होता, त्याला विचारलं तर म्हणाला, "गावात दुकान हाय, पन आज दसरा, उघडायचं न्हाई. आन् उघडलं तरी त्याच्याकडं पुडीतली रांगुळी, ती कितीक पुरंल?" खडकीला जाऊन यायला वेळ नव्हता आणि बसही निघून गेली होती. पाहुणे साडेनऊला येणार. आई पायरीवर बसली. नऊ दिवसांच्या उपासाने आधीच उतरलेला तिचा चेहरा आता पांढराफटक पडला. "माझी अब्रू गेली गं," ती हळूच म्हणाली. "आणि घरी तोंड कसं दाखवू? तुझ्या बाबांना तर आयतंच सापडलं." आईला असं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

काय करावं सुचेना म्हणून मी त्या केशरी गोलाकडेच बघत बसले. आणि मला राग आला. अहो, खरंच राग आला, त्या पट्ट्याचा! मधल्या अख्ख्या गोलाला पाच किलो, आणि हा एवढासा फूटभर पट्टा, यालाही पाच किलो? खातो का काय? मी मनातल्या मनात त्याला एका जागी कापलं आणि साडीचा काठ उसवून सरळ पसरावा तसा जमिनीवर पसरला. बापरे, केवढा लांब झाला! गोल असताना दिसतच नव्हतं. लांबी म्हणजे परीघच की त्याचा. दोन पाय आर. जे मी पेपरात भलत्या जागी लिहून आले होते तेच. त्याच्या बाहेरचा पट्टा घेतला तर तो आणखी लांब. त्याच्या बाहेरचा आणखी. आणि आतला घेतला तर तोकडा, त्याच्या आतला आणखी तोकडा, अगदी मध्याशी तर नुसता ठिपका.

मी खडू घेतला आणि बाजूच्या फरशीवर ते काठ एकाखाली एक मांडायला लागले. वर ठिपका, खाली तोकडी रेघ, मग तिच्याहून लांब, मग तिच्याहून लांब, अगदी तळाला सगळ्यांत बाहेरचा काठ. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिथे त्रिकोण झाला.

"आई!" मी ओरडले. "त्रिकोण आहे गं हा!"

"डोकं फिरलं का? गोल आहे तो."

"गोलच, पण उसवला की त्रिकोण!" त्रिकोणाचं क्षेत्रफळ तर मला येत होतं, पाया गुणिले उंची, त्याचं निम्मं. पाया म्हणजे सगळ्यांत बाहेरचा काठ, दोन पाय आर. उंची म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत, आर. दोघांचा गुणाकार करून निम्मं केलं की तो दोन जातो, आणि राहतं काय? पाय, आर, आणि पुन्हा आर. म्हणून वर्ग! एक आर काठाच्या लांबीतला, एक आर उंचीचा. इतके महिने मी ज्याच्या नावाने रडत होते तो वर्ग हा, माझ्या पायापाशी, केशरी रंगात. मला हसायला यायला लागलं. आईला वाटलं, पोरीने धसका घेतला.

मग मी आकडे घातले. आमच्या पंधरा फुटी गोलाचा बाहेरचा काठ सत्तेचाळीस फूट, उंची साडेसात, त्याचं निम्मं एकशे शहात्तर चौरस फूट. मधल्या लहान गोलाचे जेमतेम वीस, त्याला पाच किलो. म्हणजे किलोला चार चौरस फूट. "आई, आपल्याला चव्वेचाळीस किलो लागणार होते. पंधरा नाही."

"चव्वेचाळीस!" नसीमखालाने कपाळाला हात लावला. "वैनी, माझ्या दुकानात तरी होता का एवढा!"

"फूट तिप्पट केले की रंग नऊपट होतो," मी म्हणाले, आणि हे आपण म्हणतोय याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं. "आता पाच किलो आहेत. म्हणजे वीस चौरस फूट. त्यात काय बसतं ते बघू."

याच वेळी बाबा आले. मला कळलंच नाही. दसऱ्याची फॅक्टरीला सुट्टी, घरात मन लागेना, म्हणून माझे प्रश्नसंच डिकीत घालून ते शेजाऱ्यांची स्कूटर मागून थेट हिंजवडीला आले होते, मला तिथेच एका कोपऱ्यात बसवून सोडवून घ्यायला. नंतर नसीमखालाने सांगितलं की ते तोंड उघडणार एवढ्यात तिने हात आडवा केला. "भाऊ, थांबा. पोरगी हिशेबात हाय." मी जमिनीवर पालथी, हाताला खडू, वेणीला केशरी रंग. कडेने फक्त चार बोटं रुंदीचा पट्टा भरला तर? चार बोटं म्हणजे पाव फूट. उसवला तर सत्तेचाळीस फूट लांब, पाव फूट रुंद, बारा चौरस फूट. तीन किलो. दोन किलो उरतात, त्यात मधल्या जागेत वेली. बाकी काळी फरशी तशीच उघडी ठेवायची.

"हा त्रिकोण कुठून आला?" वरून आवाज आला.

मी दचकून उठले. बाबा माझ्या खडूच्या आकृतीकडे बोट दाखवत होते. आता ओरडतील असं वाटून मी भराभरा सांगून टाकलं, काठ, उसवणं, ठिपका, दोन आर, सगळं. ते उकिडवे बसले. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी माझ्या रेघांवरून हवेतच फिरवली.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. रंग संपला."

"वीस वर्षं मी पाय आर वर्ग लिहितोय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच लागला होता. "रोज लिहितो. पण वर्ग का, ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. तू विचारत होतीस तर तुझ्यावरच ओरडत होतो." मग त्यांनी घसा खाकरला आणि आईकडे वळून, आठवडाभरात पहिल्यांदा सरळ तिला विचारलं, "अगं, मी काय करू? हात स्वच्छ आहेत माझे."

आईने त्यांच्याकडे बघितलं, डोळे पुसले आणि दोरी त्यांच्या हातात दिली. "कडेचे सारखे भाग पाडून द्या. आणि मध्ये पाय ठेवलात तर बघा."

पुढचा तासभर काय मजा आली म्हणून सांगू! बाबांनी साडेसात फुटी दोरी बाहेरच्या गोलावर टप्प्याटप्प्याने टेकवत नेली, ती बरोबर सहा वेळा बसली, आणि त्या प्रत्येक खुणेपासून आईने एक वेल सोडली. कडेचा पट्टा मी आणि नसीमखालाने भरला. रंग पुरला का? पुरला. शेवटी दोन मुठी उरला, तो आईने माझ्या गालाला फासला. काळ्या फरशीवर मध्ये केशरी गोल, भोवती वेली, कडेला केशरी काठ. अख्खा गालिचा भरला असता तर एवढा देखणा दिसला नसता, असं आईचं पुढे कायमचं मत झालं. सुहास पळत आला आणि टाय सारखा करत म्हणाला, "वॉव काकू! पण हे मधलं ब्लॅक, हे इंटेन्शनल आहे ना?"

"अहो मग! तुम्हाला काय वाटलं, आमच्याकडचा रंग संपला?" आई म्हणाली. बाबा खोकायला लागले आणि खोकत खोकत थेट पार्किंगपर्यंत गेले.

परीक्षा लगेचच झाली. वर्तुळावर प्रश्न आला तो जेमतेम दोन मार्कांचा. पण त्याचं काही नव्हतं. समोर आलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी उसवून बघत होते, आणि जे उसवत नव्हतं ते सरळ सोडून पुढे जात होते, न रडता. घरी बाबांनी विचारलं, कसा गेला? मी म्हटलं, कळलं होतं ते लिहिलं. त्यावर त्यांनी पेपर मागितलासुद्धा नाही.

निकाल हातात पडला त्या दिवशी मी शाळेतून घरी गेलेच नाही. गुणपत्रिका घेऊन तशीच धावत फॅक्टरीच्या गेटवर गेले. आत कुणी सोडणं शक्यच नव्हतं, म्हणून बाहेर कुंपणाशी उभी राहिले. भोंगा झाला आणि सायकलींचा लोंढा बाहेर पडायला लागला. बाबांच्या ऑफिसातले एक काका मला ओळखून थांबले. "काय गं, आता तब्येत बरी आहे ना? टायफॉइड वाईटच. ऐन परीक्षेत यायचा म्हणजे!" मला काही कळेना. टायफॉइड कुणाला? मग एकदम कळलं. मार्चच्या परीक्षेचा निकाल लागल्यापासून बाबांनी ऑफिसात सगळ्यांना हेच सांगितलं होतं. मुलीला टायफॉइड झाला, म्हणून गणिताचा पेपर राहिला. माझे कान गरम झाले. त्यांना माझी एवढी लाज वाटत होती, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आणि घरी त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

तेवढ्यात ते आले. मी कागद पुढे केला. त्यांनी सायकल काकांच्या अंगावर टेकवली, चष्मा पुसला, गणिताच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून उभे राहिले. मार्क काही दिवे लावण्यासारखे नव्हते. पास होण्यापुरते आणि वर थोडे.

"टायफॉइड वगैरे काही झाला नव्हता हिला," बाबा एकदम काकांना म्हणाले. चांगलं मोठ्याने. "नापास झाली होती मार्चला. मी खोटं सांगितलं. आता पास झाली. गणितात!" काका 'अरे वा' म्हणेपर्यंत बाबांनी मागून येणाऱ्या सायकलीला हात केला. "अहो कुलकर्णी, थांबा जरा! पोरगी पास झाली माझी. नापास झाली होती आधी. गणितात!" मग आणखी एकाला. मग ज्यांचं नाव त्यांना माहीत नव्हतं अशांनाही. लोक थांबत होते, हसत होते, माझ्याकडे बघत होते. कुणी गुणपत्रिका हातात घेऊन बघितली. बाबांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. मला इतकं लाजल्यासारखं झालं, आणि इतका आनंद झाला, की हसू की रडू ते कळेना.

"बाबा, पुरे ना आता," मी त्यांचा हात ओढला. "आई घरी वाट बघत असेल. चला."

"थांब गं जरा," बाबा म्हणाले. "अजून मशीन शॉपवाले यायचेत बाहेर."